गप्प बसणं आणि अबोला : सोलापुरातली एक केस

"मॅडम, हे घरी आले की बोलनातच. चिडलेत का काय, कळंना."

माझ्याकडे समुपदेशनाला आलेली ती खुर्चीत बसायच्या आधीच हे बोलली आणि मग पाणी मागितलं. मी विचारलं किती दिवस बोलत नाहीत, तर म्हणाली, नाही तसं बोलतात, जेवताना बोलतात, पण आल्या आल्या पाऊण तास बोलत नाहीत. पाऊण तास! खरं सांगते, मला मनातल्या मनात वाटलं की अर्ध्या सोलापूरचे नवरे असेच आहेत, ह्यात केस काय आहे. तर ती केस काय होती ते कळायला मला पुढचे दोन महिने लागले.

आधी एक सांगून टाकते. हे लिहायला तिची परवानगी आहे, ओळख लागेल अशा गोष्टी बदलल्यात, लिहून झाल्यावर तिला वाचायला दिलं तेव्हा दोन ठिकाणी "एवढं काढा" म्हणाली, ते काढलं. खोटं नाव देऊ का विचारलं तर नको म्हणाली, नुसतं ती म्हणा. म्हणून ती.

तर ती, वय ३३, माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, म्हणजे तेलगू विणकरांच्या वस्तीतलं, घरी तेलगू बाहेर मराठी, अकाउंट्सचं काम करते. दुसरं लग्न होऊन १४ महिने झालेले. नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला. माझ्याकडे यायच्या आधी दोन महिने छातीत धडधड, हातपाय गार पडणं, पोटात गोळा, रात्री अडीच-तीनला जाग आली की मग झोपच नाही. आपल्याकडे असं झालं की पहिलं गॅसवर जातं सगळं, हिचंही तसंच झालं, मग ओव्याचं पाणी, मग ॲसिडिटीच्या गोळ्या, मग फिजिशियनकडे ईसीजी, थायरॉईड, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल. त्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून नुसतं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, आणि ही तिथंच रडायला लागली. त्यांनी चिठ्ठी लिहून माझ्याकडे पाठवलं. ईसीजी नॉर्मल आला की "काही झालेलं नाही" म्हणून घरी पाठवणारेच जास्त भेटतात, म्हणून ह्या डॉक्टरांचं मला कौतुक आहे.

मी तिला म्हटलं, कालची संध्याकाळ सांगा, फक्त कालची. तिने जे सांगितलं ते ऐकून मी पेन खाली ठेवलं. गेटवर गाडीचा आवाज आला की ती गॅस बारीक करते, का तर नीट ऐकू यावं म्हणून. मग चप्पल कशी काढली ते ऐकते. दोन्ही चपला एकदम पडल्या तर ठीक, एक पडून मधे गॅप गेला आणि मग दुसरी पडली तर मूड खराब. किल्ली हुकाला लावली का टीव्हीवर टाकली. डबा ओट्यावर आणून ठेवला का पिशवीतच राहिला. एवढं सगळं होईपर्यंत तो बिचारा फक्त घरात शिरलेला असतो. मग तो हातपाय धुऊन खुर्चीत बसतो आणि गप्प. आणि ही सुरू होते, काय झालं? चिडलात का? माझं काही चुकलं का? कंपनीत काही झालं का? एका संध्याकाळी किती वेळा विचारता ते मोजून आणा म्हटलं, तर दुसऱ्या वेळी आली आणि म्हणाली १७. "मॅडम, मोजूलाले म्हणून कमी झालं, नाहीतर जास्तच असतंय."

आणि सात-आठ वेळा विचारून झालं की तो वैतागून म्हणायचा, काही नाही म्हणतोय ना! की झालं. हिला पुरावा मिळाला, बघा, चिडलेलेच होते.

आता मागचं.

पहिलं लग्न वयाच्या २४ व्या वर्षी, पुण्यात, साडेचार वर्षं. नवरा शिकलेला, चांगली नोकरी, दारू नाही, शिवी नाही, हात तर कधीच उचलला नाही. त्याचं हत्यार एकच, अबोला. पहिला लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात, तीन दिवस. कारण तिला आजपर्यंत माहीत नाही. मग सहा दिवस, मग अकरा, सगळ्यात मोठा २६ दिवस. ह्या दिवसांत तो घरातच असायचा, फोनवर मित्रांशी हसून बोलायचा, वॉचमनशी बोलायचा, आईशी तासभर बोलायचा, फक्त ही समोर आली की जणू तिथं कोणी नाहीच. हिने केलेलं जेवायचा नाही, बाहेरून एकच ताट मागवायचा. बोलायला जमेना म्हणून ही फ्रीजवर चिठ्ठ्या लावायला लागली, माझं चुकलं, काय चुकलं ते सांगा, मी सुधारेन. एकदा त्याने तिची चिठ्ठी काढली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला दुधाचा हिशोब लिहून परत तिथंच लावली.

हे सांगताना ती रडली नाही. उलट हसली. मला ते हसणं जास्त लागलं.

आणि अबोला संपायचा कसा, तर असाच कधीतरी. एखाद्या संध्याकाळी गजरा घेऊन यायचा, चल बाहेर जेवायला जाऊ, जणू मधले दिवस झालेच नाहीत. ते का झालं असं विचारलं तर परत सुरू, म्हणून ती विचारायची नाही. तिने त्या दिवसांत शंभर सॉरी म्हटलेल्या असायच्या, त्यातल्या कुठल्या सॉरीने कुलूप उघडलं ते कळायचं नाही, म्हणून पुढच्या वेळी परत शंभर.

ह्यातला गजरा महत्त्वाचा आहे बरं का. लोक विचारतात, एवढा त्रास होता तर साडेचार वर्षं राहिली कशी? स्किनर ह्या सायकॉलॉजिस्टने कबुतरांवर केलेले प्रयोग सायकॉलॉजीच्या पहिल्या वर्षाला असतात, दर वेळी दाणा मिळत असेल आणि मग तो बंद झाला तर कबुतर चोच मारायचं लवकर सोडतं, पण दाणा कधी मिळतो कधी नाही, कधी मिळेल ह्याचा नेम नाही, असं असेल तर ते मारतच राहतं, मारतच राहतं. डटन आणि पेंटर ह्या दोन संशोधकांनी १९८१ मध्ये हेच छळाच्या नात्यांना लावून दाखवलं, एकाच्या हातात सगळी सत्ता आणि त्रास आणि प्रेम आलटून पालटून, ह्यातून चिवट ओढ तयार होते. तेव्हा ती बावळट होती म्हणून राहिली असं कोणी म्हणू नका.

शेवटी एक दिवस दोन बॅगा भरून संध्याकाळच्या सहाच्या हुतात्मा एक्स्प्रेसने सोलापूरला आली. रात्री स्टेशनवर भाऊ घ्यायला आला होता, त्याने रिक्षात बसल्यावर विचारलं, "मारत होता का?" नाही. "पितो का?" नाही. "दुसरी कोण हाय का?" नाही. मग तो गप्पच झाला. आईने तर स्पष्टच विचारलं, बोलत नाही म्हणून कोण नवरा सोडतंय का गं.

ह्या प्रश्नावर मला दर वेळी चिडायला होतं. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात मारहाणीच्या शेजारीच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही लिहिलेला आहे, २००६ च्या ऑक्टोबरपासून तो लागू आहे, आणि तरी आपल्या घरांमधे अजून वळ दाखवावा लागतो. हिने कायद्याचा रस्ता धरला नाही, दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला, तो वेगळा विषय. पण "मारत नव्हता ना" हे वाक्य तिच्या डोक्यात असं बसलं की पुढची पाच वर्षं ती स्वतःलाच तेच सांगत राहिली, मारलं नाही, मग मला त्रास व्हायचं कारण नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे.

अबोल्याने एवढं काय होतं? किपलिंग विल्यम्स नावाचे सायकॉलॉजिस्ट एकदा बागेत बसलेले, दोन अनोळखी माणसं फ्रिस्बी खेळत होती, ती तबकडी ह्यांच्याकडे आली, ह्यांनी परत फेकली, मग थोडा वेळ तिघांचा खेळ झाला आणि मग त्या दोघांनी ह्यांच्याकडे फेकणं अचानक बंद केलं. अनोळखी माणसं, फालतू खेळ, तरी ह्यांना एवढं वाईट वाटलं की त्यावरून त्यांनी पुढे कॉम्प्युटरवरचा बॉल फेकायचा प्रयोगच तयार केला, सायबरबॉल म्हणतात त्याला. काही मिनिटं बॉल आला नाही तरी माणसाच्या चार गोष्टींना धक्का बसतो असं त्यांचं म्हणणं: आपण कुणाचे तरी आहोत ही भावना, स्वतःची किंमत, हातात काही असल्याची जाणीव, आणि आपण आहोत ह्याला काही अर्थ आहे असं वाटणं. काही मिनिटांत एवढं होतं. इथं २६ दिवस, एका छताखाली, आणि बॉल न टाकणारा माणूस अनोळखी नाही.

२०११ मधे ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकतंच नातं तुटलेल्या ४० जणांना त्या माणसाचा फोटो दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं, तर शरीराला चटका बसल्यावर ज्या भागांत हालचाल दिसते त्यातलेच काही भाग पेटलेले दिसले. हे खूप ठिकाणी "मन दुखणं आणि हाड मोडणं सेमच" असं फिरतं, ते तेवढं सरळ नाहीये, २०१४ मधे दुसऱ्या टीमने बारकाईने बघितलं तर भाग तेच पण त्यातला पॅटर्न वेगळा निघाला. मी तिला एवढंच सांगितलं की धडधड खोटी नाही, तुम्ही नाटक करत नाही.

तपासणीचं थोडक्यात. डिप्रेशनच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत २७ पैकी १३, काळजीच्या सात प्रश्नांच्या चाचणीत २१ पैकी १७, म्हणजे काळजी बरीच वर. जीव द्यावा असं पुण्यात एकदा वाटलेलं, आता नाही, तरी रात्री-बेरात्री लागला तर असावा म्हणून टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तिच्या फोनमधे सेव्ह करून दिला, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. झोपेसाठी आणि काळजीसाठी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं, त्यांनी काही महिने गोळी दिली.

ती येताना मोबाईलवरचे रील्स बघून दोन शब्द घेऊन आली होती, एक म्हणजे पहिला नवरा नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःपलीकडे काही न दिसणारा, आहे का आणि दुसरा म्हणजे मला पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतरचा मानसिक आजार, आहे का. पहिल्याचं उत्तर मी देत नाही, ज्या माणसाला मी बघितलंच नाही त्याचं निदान मी कसं करू, आणि करून तिला मिळणार काय. दुसऱ्याला मी नाही म्हटलं. पीटीएसडी ह्या निदानाला जिवावर बेतणारं, गंभीर दुखापतीचं किंवा लैंगिक अत्याचाराचं असं काही घडलेलं असावं लागतं. तिच्या चेहऱ्यावर चक्क निराशा दिसली, परत तेच, म्हणजे माझं दुखणं छोटंच. मग मला समजवावं लागलं की पेटीवरचं लेबल वेगळं आहे म्हणून आतला माल हलका होत नाही. टॉवेलचा हिशोब बघणाऱ्या माणसाच्या बायकोला हे लगेच पटलं.

आता माझी चूक. तिसऱ्या सेशनला मी तिला ते २६ दिवस सविस्तर सांगायला लावले. मला वाटलं नातं जुळलंय, बोलली तर मोकळी होईल. ती बोलली, शेवटपर्यंत बोलली, थँक्यू म्हणून गेली आणि तीन आठवडे आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडून गेल्यावर चार दिवस मी ह्यांच्या पुढं बसूच शकले नाही." ज्युडिथ हर्मन ह्या सायकियाट्रिस्टनी १९९२ मधे सांगून ठेवलंय की आधी आजचा दिवस सुरक्षित करा, मग जुन्या आठवणीला हात घाला. हे मला पाठ आहे, मी दुसऱ्यांना शिकवते, आणि तरी घाई केली. तिची माफी मागितली. माफी मागितल्यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघत बसली, मग म्हणाली, माझी कोणी पहिल्यांदाच मागितली.

मग आम्ही एक वही सुरू केली. दोनशे पानी, हिशोबाची, आडव्या रेघांची, तिला तीच आवडते. तिने स्वतःच कॉलम पाडले: कधी गप्प बसले, किती वेळ, मला काय वाटलं, अंगात काय झालं, मी काय केलं, शेवटी काय निघालं. अकाउंट्सची बाई, नोंदी एकदम पक्क्या. तीन आठवड्यांत ४१ नोंदी झाल्या. "मला काय वाटलं" मधे जवळजवळ सगळीकडे एकच, चिडलेत, आता सुरू होणार. आणि शेवटच्या कॉलममधे: कंटेनर उशिरा आला होता, डोकं दुखत होतं, काही नाही, काही नाही, क्रिकेट, काही नाही. ४१ पैकी फक्त दोन वेळा तो खरंच नाराज होता, एकदा पगारावरून आणि एकदा तिच्या भावाने उसने नेलेल्या पैशांवरून, आणि दोन्ही वेळा जेवणाच्या आत त्याने स्वतःहून बोलून टाकलं होतं.

तुम्ही म्हणाल, झालं की मग, आकडे दिसले, पटलं, बरी झाली. नाही हो. डोक्याला पटलं, छातीला पटलं नाही. "मॅडम मला सगळं समजतंय, पण गाडीचा आवाज आला की हात गार पडतातच."

ह्याच सुमारास तिने एक आठवण सांगितली, मी विचारलेलीही नव्हती. लहानपणी घरात खाली माग होता, सकाळपासून रात्रीपर्यंत खटखट खटखट, त्या आवाजात घरातले सगळे ओरडूनच बोलायचे. तो आवाज असला की सगळं ठीक. माग थांबला म्हणजे सूत नाही, नाहीतर लाईट गेलेली, नाहीतर शेठने काम दिलेलं नाही, आणि मग वडील भिंतीला टेकून बसायचे, कुणाशी बोलायचे नाहीत, आई पोरांना डोळ्यांनीच गप्प करायची. म्हणजे शांतता म्हणजे काहीतरी बिघडलंय हे तिच्या अंगात पुण्याच्याही आधी आलेलं. बोल्बी ह्यांची अटॅचमेंट थिअरी म्हणते की जवळच्या माणसाकडून काय अपेक्षा ठेवायची त्याचा एक नकाशा पोर लहानपणीच मनात काढतं. तेवढं खरं. पण लगेच आईबापाच्या डोक्यावर खापर फोडायची जी फॅशन आलीय ती मला मान्य नाही. तिचे वडील शिक्षा म्हणून गप्प नव्हते, त्यांच्याकडे सूत नव्हतं. हे मी म्हटलं आणि ती ताडकन म्हणाली, "मग ह्यांच्यासारखंच झालं की, थकून गप्प." हे माझ्या आधी तिला सुचलं, मी नुसती मान हलवली.

तिथून आम्ही दोन वेगळे शब्द पक्के केले. गप्प बसणं वेगळं, अबोला वेगळा. गप्प बसलेल्या माणसाला हाक मारली तर तो ओ देतो. अबोल्यात हाक ऐकू येऊनही ओ दिली जात नाही, आणि ती दिली जात नाही हे तुम्हाला कळावं अशीच त्याची रचना असते. एक तिसरा पण प्रकार आहे, भांडणात माणूस एवढा तापतो की त्याचं डोकंच बंद पडतं आणि तो भिंत होतो, जॉन गॉटमन ह्यांनी जोडप्यांच्या अभ्यासात ते बघितलंय, छातीचे ठोके शंभरच्या वर जातात. तो प्रकार हिच्या घरी नव्हता म्हणून सोडून देते.

सहाव्या सेशनला नवऱ्याला बोलावलं, तिला विचारूनच. तो आला, बसला आणि दहा मिनिटं गप्प. ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे, शेवटी आम्हा दोघींना हसू आलं. मग म्हणाला, "मॅडम, दिवसभर कंपनीत ओरडून ओरडून बोलावं लागतंय, घरी आलो तरी कानात मशीन चालूच असतंय. मी लहानपणापासून असाच हाय." पहिल्या लग्नात काय झालं ते त्याला तिने कधी सांगितलंच नव्हतं, "पटलं नाही" एवढंच सांगितलेलं. आता तिने फ्रीजवरच्या चिठ्ठीचं सांगितलं. तो खूप वेळ जमिनीकडे बघत बसला आणि मग एकदम प्रामाणिकपणे विचारलं, "मग मी काय करायचं? बडबड करू का?"

नको, बडबड नको. ठरलं एवढंच की आल्यावर डबा ओट्यावर ठेवताना एक वाक्य बोलायचं, "थकलोय, चिडलो नाही." आता ह्यावर मतभेद होऊ शकतात, माझ्या एका सिनियर मॅडमना हे पटलं नाही, त्या म्हणाल्या अगं हा तर धीराचा अजून एक डोस झाला, ती ह्याच वाक्यावर अवलंबून राहील. बरोबर आहे. तरी मोडलेल्या पायाला आधी काठी लागतेच असं माझं मत, काठी कधी काढायची ते ठरलेलं असलं म्हणजे झालं. आम्ही सहा आठवडे ठरवले.

तिच्या बाजूचं काम एकच, विचारायचं नाही. पहिल्यांदा दहा मिनिटं. मोबाईलवर टायमर लावायचा, दहा मिनिटं "काय झालं" विचारायचं नाही, नजरेनेही विचारायचं नाही, कारण ती नजरेने विचारण्यात एक्सपर्ट. लावायच्या आधी वहीत लिहायचं की दहा मिनिटांनी काय होईल असं वाटतं, आणि नंतर काय झालं. मग वीस, मग पाऊण तास. मनधरणी म्हणून स्पेशल काही करायचं नाही हे पण त्यात आलं, ती त्याचा मूड खराब दिसला की लगेच ताजी शेंगाचटणी कुटायला घ्यायची. एक दिवस तिने मुद्दाम डब्यातली दोन दिवसांची चटणी वाढली, हात थरथरत होते म्हणे. त्याने खाल्ली. काही बोलला नाही. मग विचारलं, दही हाय का. डिसेंबरपर्यंत १७ वरून एखाद-दोन वेळांवर आली.

आणि मग गड्डा आला.

सिद्धरामेश्वरांची यात्रा, अक्षता सोहळ्याचा म्हणजे प्रतीकात्मक लग्नाचा दिवस, तो मित्रांसोबत बाराबंदी हा पांढरा पारंपरिक सदरा घालून सकाळीच नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीत गेला. सातही नंदीध्वज सोहळा होतो त्या संमती कट्ट्यापाशी येईपर्यंत केवढी गर्दी होते ते सोलापूरकरांना सांगायला नको, मोबाईलला रेंज नाही, मेसेज जातात पण पोचत नाहीत. तिने साडेअकराला "कुठंय" विचारलं, एक टिक. बाराला, एक टिक. मग फोन, लागेना. चार तास. तो चारच्या सुमारास घरी आला, दमून, आनंदात, बाराबंदी मळलेली, आणि ही बाथरूममधे बसून सॉरीचे मेसेज टाईप करत होती. वर सगळे मिळून ३४ मेसेज. त्याला रेंज आल्यावर ते एकदम धडाधड पडले होते.

दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे बसून म्हणाली, सगळं पाण्यात गेलं.

गेलं नव्हतं. भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवीन शिकणं उभं राहतं, आणि हे नवीन शिकणं जागेला फार चिकटलेलं असतं. मार्क बाउटन ह्या शास्त्रज्ञाचं ह्यावर बरंच काम आहे, एका पिंजऱ्यात भीती घालवलेला उंदीर दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवला की परत घाबरतो. आम्ही सगळी प्रॅक्टिस घरातल्या खुर्चीपुढे केली होती. फोनवरच्या शांततेची एकदाही केली नव्हती. हा प्लॅनमधला माझा दोष. मग पुढचा महिना फोनवर काम केलं, मेसेज टाकायचा आणि फोन कपाटात ठेवून भाजी आणायला जायचं, तो तुळजापूरला गेला की पोचल्याचा फोन मागायचा नाही, असलं.

फेब्रुवारीत जुन्या आठवणीला परत हात घातला, ह्या वेळी ती म्हणाली म्हणून. फ्रीजची चिठ्ठी. डोळे मिटून ते स्वयंपाकघर बघायचं, चिठ्ठी लिहिणारी तेव्हाची ती बघायची, आणि मग आजच्या तिने दारातून आत यायचं. काय करतेस आत येऊन, मी विचारलं. मला वाटलं मिठी मारेल, रडेल. ती म्हणाली, "तिच्या हातातला पेन काढून घेतला. म्हटलं आवर, सहाची गाडी हाय."

एप्रिलमधे आली तेव्हा बसल्या बसल्या वही पुढे केली. ४२ डिग्रीचे दिवस, आपल्याकडचं पाणी तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा चार-पाच दिवसांनी यायचं आणि यायचं तेव्हा रात्री. अडीचला नळाला हवा फुसफुसली, दोघं झोपेतच उठले, तो पाईप धरून, ही पिंपं, हंडे, बादल्या सरकवत, डोळे अर्धे मिटलेले, लाईट पण लावली नव्हती. साडेतीनला पाणी गेलं, दोघं परत येऊन पडले. आणि पडल्यावर तिच्या लक्षात आलं की तासभर दोघं एक शब्द बोललो नाही आणि छातीत काहीच झालं नाही. मग तिला झोपच येईना, भीतीने नव्हे, आनंदाने. वहीत नोंद अशी आहे: रात्री २.३० ते ३.३०, गप्प, वाटलं काही नाही, अंगात काही नाही, केलं पाणी भरलं, निघालं पिंप पूर्ण.

एकूण १९ सेशन्स झाली. शेवटी मोजलं तेव्हा काळजीची चाचणी १७ वरून ७, डिप्रेशनची १३ वरून ५. "थकलोय, चिडलो नाही" केव्हाच बंद झालं, पण डबा ओट्यावर ठेवायची सवय त्याची राहिली. उरलेलं पण लिहायला पाहिजे. पुण्याला जायचं म्हटलं की दौंडपासून तिच्या पोटात गोळा येतो. कोणी मेसेज वाचून उत्तर दिलं नाही, ऑफिसमधलं का असेना, की ती चार वेळा फोन उघडून बघते. जुईचा गजरा तिला अजून चालत नाही, आम्ही प्रयत्न केला, मग सोडून दिलं, शेवंतीवर भागतंय.

जूनमधे ती अपॉइंटमेंट नसताना आली, घाबरलेली. आदल्या दिवशी तिचं आणि नवऱ्याचं भांडण झालं होतं, त्याने तिच्या भावाला तिच्यासमोर काहीतरी टोचून बोललेलं, आणि ही संध्याकाळभर त्याच्याशी बोलली नव्हती. "मॅडम, मी त्याच्यासारखी झाले का? मी पण अबोला धरला."

मी विचारलं, त्यांनी हाक मारली तर ओ दिलीस का?

"दिली की. पण तोंड फुगवून."

मग संपलं कसं?

"तासाभराने ते आत आले, म्हणाले, 'रुसलीयास व्हय? चहा टाकू का?'"

मग?

"मी म्हटलं टाका. साखर कमी."